सोया मेणाच्या मेणबत्तीत मधोमध विहीर पडते, वासही येत नाही

वातवाली_सांगली: काचेचा जार आतून ७ सेंमी रुंद. सोया मेण १५० ग्रॅम, लॅव्हेंडरचं सुगंधी तेल २० ग्रॅम. मेण ५० अंशांवर आल्यावर तेल घातलं, ओतून जार फ्रिजमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी पेटवली तर वातीभोवती खड्डा, कडेचं मेण तसंच. काचेवर पांढरे डाग. थोडं पॅराफिन मिसळू का?

कृष्णाकाठ: पॅराफिन नको. आधी तेल कमी करा. २० ग्रॅम म्हणजे १३ टक्क्यांवर गेलं. १० टक्क्यांपुढचं तेल मेणात मुरत नाही, वर घाम सुटल्यासारखं येतं आणि वात गुदमरते. १५० ग्रॅमला १२ ग्रॅम पुरे. पातेल्यातल्या गरम पाण्यावर भांडं ठेवून मेण ७५ अंशांपर्यंत न्या, खाली उतरवा, ६५-७० ला तेल घालून दोन मिनिटं सावकाश ढवळा. ५५ च्या आसपास कोमट जारमध्ये ओता. फ्रिज तर अजिबात नको, मेण झटक्यात आकसून काच सोडतं. आणि दुसऱ्या दिवशी कसली पेटवता! सोयाला निदान आठवडा, जमलं तर दोन आठवडे मुरू द्या.
पांढरी बुरशीसारखी नक्षी असेल तर ती सोयाची जातच आहे, स्फटिक धरतात. रंग घातला की जास्त उठून दिसते.

अजिंक्यतारा_७: तेल कमी केलं तरी विहिरीचं मूळ बहुतेक वातीत निघेल. ७ सेंमीला ही वात बारीक पडतेय. वातीचे नंबर कंपनीगणिक वेगळे, म्हणून एकाच मेणात, एकाच तेलात लागोपाठच्या तीन नंबरांच्या वाती लावून बघा. तीन तासांत वितळलेलं मेण काचेला टेकलं पाहिजे, खोली साधारण १ सेंमी. ज्योत नाचते, काजळी धरते, टोकाला गोळा येतो? मग जाड झाली. दर वेळी वात ५-६ मिमी ठेवून कापा. पहिल्यांदा पेटवली की कडेपर्यंत वितळल्याशिवाय विझवू नका. सध्याच्या जारला हेअर ड्रायरने वरचं मेण सपाट करून घ्या.

सोयाबीनवाला: आपल्याकडे सोयाबीन चिक्कार. घाण्यावरचं तेल आणून मेण करता येईल का हो?

कृष्णाकाठ: नाही. तेलातून दाबाखाली, निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन सोडतात तेव्हा ते घट्ट होतं, कारखान्याचं काम. घाण्याचं तेल समईत घाला, झकास जळेल.

अजिंक्यतारा_७: ताई, एक राहिलं. जारचं सोया मेण ५० अंशांच्या आसपासच पातळ होतं. एप्रिल-मेमध्ये सांगलीहून पार्सल पाठवणार असाल तर उन्हात उभ्या गाडीत ते वितळू शकतं. आणि साच्यातून काढायच्या उभ्या मेणबत्तीला हे मेण चालत नाही, त्यासाठी कडक मिश्रण वेगळं मिळतं. उरलेलं मेण मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो.