मदत हवी आहे: सतत फिरणारे सर्वो ठोक भावात घ्यायचे आहेत

नमस्कार मंडळी. आम्ही कुडाळला शाळांसाठी रोबो गाडीचे किट जुळवतो. एका गाडीला दोन सतत फिरणारे सर्वो (पल्सच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या, आतच सर्किट असलेल्या छोट्या गिअर मोटरी) लागतात. जूनच्या आत असे ५०० सर्वो हवेत.

नमुन्याला एफएस९०आर पद्धतीचे छोटे सर्वो आणले. फिरतात झकास, थांबायचं नाव घेत नाहीत! १.५ मिलिसेकंदाच्या पल्सला मोटर थांबायला हवी. एकाच पाकिटातले काही थांबतात, काही मुंगीच्या पावलांनी सरकत राहतात. ट्रिमचा स्क्रू (थांबण्याचा बिंदू जुळवायचा) फिरवून जुळतं, मान्य. पण ५०० नगांना तो फिरवत कोण बसणार? शिवाय मोटर तापली की तो थांबण्याचा बिंदू परत हलतो. पाचवीतल्या पोरांना आधी गाडी सरळ गेलेली बघायची असते, कॅलिब्रेशन मागाहून.

एमजी९९६आर या मोठ्या सर्वोचा ३६० अंशी (सतत फिरणारा) प्रकार धातूच्या गिअरचा, पण जड. आणि चाक अडलं की इतका करंट खेचतो की चार एए सेलचा डबा मान टाकतो. नकलाही रग्गड.

तर, सगळा माल एकाच बॅचचा देईन असं लेखी कबूल करणारा मुंबई-पुण्याचा पुरवठादार कुणाला ठाऊक आहे का? मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात असं कुणी करतं का? माल आल्यावर तुम्ही शेकडा किती नग तपासता, आणि खराब निघालेले कोण बदलून देतो?

आणखी एक. मालवण-देवगडकडच्या शाळांत किट पावसाळाभर कपाटात पडून असतं, खाऱ्या हवेत पिना हिरव्या पडतात. त्यावर काय लावता?

(पिवळ्या बीओ मोटरचा, म्हणजे साध्या गिअर मोटरचा, सल्ला कृपया नको. वेगळा ड्रायव्हर (मोटर चालवणारं सर्किट) न लागणं हीच तर सर्वोची सोय.)