टर्बो पेट्रोल घेतली, पण पसरणी घाटात ॲव्हरेज जुन्या गाडीपेक्षा कमी. असं का होतंय?

कृष्णाकाठ:
नमस्कार. मी वाईला राहते आणि पाचगणीच्या एका शाळेत शिकवते. आठवड्यातले सहा दिवस पसरणी घाट चढायचा आणि उतरायचा, जाऊन-येऊन २५ किलोमीटर. आधी १.२ लिटरची साधी पेट्रोल होती, ९ वर्षं वापरली. याच रस्त्यावर ती १५ द्यायची. मार्चमध्ये १.० लिटरची तीन सिलिंडर टर्बो पेट्रोल घेतली, मॅन्युअल गिअरची. इंजिन लहान म्हणजे पेट्रोल कमी पिणार, एवढाच माझा हिशोब होता. कागदावर १९ च्या पुढे लिहिलंय.

मी डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबत नाही. एकाच पंपावर ऑटो-कट होईपर्यंत टाकी भरते आणि ट्रिप मीटर शून्य करते. मागच्या वेळी ४१२ किलोमीटरला ३२.२ लिटर लागलं, म्हणजे १२.८. दोनदा सर्व्हिस झाली, "सगळं ओके आहे" म्हणाले. गाडीत दोष आहे की माझ्या चालवण्यात? चालवायला मात्र फार आवडते. वळणावर नुसता पाय ठेवला की उचलते, जुनीला दुसरा गिअर टाकून रेटावं लागायचं.

नीरा_पूल:
ई२० पेट्रोलमुळे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडणारच. पण आता जुनी गाडी असती तर तिचंही पडलं असतं, म्हणून सगळा फरक त्यातून येत नसावा.

पंपनोझल_सातारा:
ताई, बावीस वर्षं डिझेल पंप-नोझलचं काम केलं, आता पेट्रोल इंजेक्शनचंही करतो. तुम्ही शेवटी लिहिलेलं वाक्य, "नुसता पाय ठेवला की उचलते", मी दोनदा वाचलं. तुमचं उत्तर तिथंच आहे, आणि गाडीत दोष नाही.

आधी तो १९ चा आकडा. तो ज्या चाचणीतून येतो ती रोलरवर होते, एसी बंद ठेवून. वीस मिनिटांच्या आत संपते, सरासरी वेग तासाला ३२ च्या आसपास आणि कमाल ९०. त्यात चढ नाही. सावकाश वेग घेणारी चाचणी असल्यामुळे टर्बोला फारसं काम पडत नाही आणि लहान इंजिनाचा पूर्ण फायदा आकड्यात उतरतो. तो फायदा खराच आहे. मोठं पेट्रोल इंजिन हळू चालवताना थ्रॉटलची, म्हणजे हवा आत सोडणारी, झडप जवळपास मिटलेली असते आणि पिस्टनला हवा ओढताना धाप लागते. लहान इंजिनाची झडप तेवढ्याच कामाला जास्त उघडी असते, त्यामुळे ती धाप वाचते.

आता घाट. पाचगणी वाईपेक्षा साधारण ५७० मीटर उंच आहे. गाडी आणि तुम्ही मिळून १२०० किलो धरा. हे वजन वर न्यायला ६७ लाख ज्यूल लागतात. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२० लाख ज्यूल असतात आणि इंजिन त्यातलं तीस टक्के कामाला लावतं. म्हणजे निव्वळ उंचीसाठी रोज पाऊण लिटरच्या आसपास गेलं. जुनी असो की नवी, हे द्यावंच लागतं.

फरक वळणावर पडतो. जुनी गाडी तिशी-पस्तिशीत रेंगाळत चढायची, त्यामुळे वळणाला ब्रेक लावायची गरजच नव्हती. नवीवर तुम्ही सरळ तुकड्यात ५५ गाठता, वळणाआधी ब्रेक मारून २० वर आणता आणि पुन्हा उचलता. ५५ वरून २० वर आणताना सव्वा लाख ज्यूल ब्रेकच्या पॅडमध्ये तापून जातात. अशी वीस वळणं धरली तर पाव लिटर पेट्रोल झालं. तुम्ही रोज जवळजवळ दोन लिटर जाळताय, त्यातलं पाव.

शिवाय टर्बोचा स्वभाव. एक्झॉस्टच्या वाफाऱ्यावर मोठ्या लिंबाएवढं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि दुसऱ्या बाजूचं चाक सिलिंडरमध्ये हवा कोंबतं. हवा जास्त आली की पेट्रोलही त्या प्रमाणात आलंच. पूर्ण बूस्टला, म्हणजे टर्बो पूर्ण जोरात हवा कोंबत असताना, तुमचं १.० लिटर इंजिन दीड लिटरच्या इंजिनासारखं पितं. त्यात जोर फार वाढला की एक्झॉस्ट इतकं तापतं की टर्बाइन (टर्बोचं एक्झॉस्टकडचं चाक) आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) वाचवायला कॉम्प्युटर मुद्दाम जादा पेट्रोल सोडतो. एरवी १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल असतं, तेव्हा १२ भागाला एक होतं. ते जादा पेट्रोल जळत नाही, नुसतं गारवा द्यायला जातं. नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके) टाळायला ठिणगीही उशिरा पडते, त्यात आणखी थोडं जातं. डिझेलला यातलं काही नाही, म्हणून टर्बो तिथं इतका रुळला.

वाईतून निघाल्या निघाल्या घाट लागतो, म्हणजे इंजिन गार असतानाच चढ. सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर अजिबात जोर लावू नका.

करून बघा: पूर्ण चढ तिसऱ्या गिअरमध्ये, ४० च्या आसपास, आरपीएमचा काटा (इंजिनाचे मिनिटाला फेरे) १८०० ते २२०० मध्ये. वळण दिसलं की ब्रेकऐवजी पाय आधीच सोडा, चढच गाडी हळू करतो. १५०० च्या खाली मात्र दाबू नका, थरथरली की गिअर उतरवा. उतरताना गिअरमध्येच ठेवा, न्यूट्रल नको. पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतो.

आणि कळकळीचं सांगणं: वर पोचल्यावर लगेच किल्ली फिरवू नका. अर्धा-एक मिनिट इंजिन चालू द्या, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल करपत नाही. माझ्या टेबलावर तसा एक शाफ्ट पडलाय, काळा कोळसा चिकटलेला, नखानं खरवडला तरी निघत नाही.

कॉलेजकट्टा_कराड:
काका, मग सुपरचार्जर का नाही देत? लॅगही नसतो, पाय दाबला की लगेच जोर येतो.

पंपनोझल_सातारा:
सुपरचार्जरही हवाच कोंबतो, पण पट्ट्यावर चालतो, म्हणजे त्याची ताकद इंजिनाच्या क्रँकमधूनच घ्यावी लागते. टर्बो बरीचशी ताकद वाया जाणाऱ्या एक्झॉस्टमधून काढतो. मर्सिडीजच्या जुन्या सी-क्लासवर 'कॉम्प्रेसर' लिहिलेलं असायचं, तो १.८ लिटरवरचा सुपरचार्जर. पुढे त्यांनी त्याच इंजिनाच्या सुधारित रूपाला टर्बो बसवला. निसाननं युरोपात मायक्राच्या १.२ लिटरवर सुपरचार्जर देऊन उत्तम ॲव्हरेज काढलं होतं, पण त्यात गरज नसेल तेव्हा क्लचनं तो सोडवून ठेवायची सोय होती.

एक फायदा टर्बोचा मी मनापासून मानतो. पाचगणीच्या उंचीवर हवा विरळ, साधं इंजिन तिथं आठवा हिस्सा ताकद गमावतं. टर्बो ती भरून काढतो. ताईंची जुनी गाडी वरच्या टप्प्यात दमायची, ती याचमुळे.

कृष्णाकाठ:
तीन आठवड्यांनी लिहितेय. तुम्ही सांगितलं तसं चालवलं. पहिले दोन दिवस पाय आवरणं फार जड गेलं. आज टाकी भरली, तोच पंप: ३८८ किलोमीटर, २६.४ लिटर. म्हणजे १४.७! शाळेत पोचायला दोन-तीन मिनिटं जास्त लागतात, म्हणून पावणेसातऐवजी सहा चाळीसला निघते. वर गेल्यावर इंजिन चालू ठेवून तेवढ्यात वह्यांची पिशवी काढते. शनिवारी महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या मागून हॉर्न देत येतात, तेव्हा रुंद जागा बघून कडेला घेते आणि त्यांना जाऊ देते.