कुंपणाला ड्युरांटाऐवजी अडुळसा
देशी झाडे लावली की बाग रानटी दिसते, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. ड्युरांटा या परदेशी शोभेच्या झुडपाच्या जागी अडुळसा किंवा निर्गुडी लावून फुलोरा ओसरल्यावर नेमाने छाटणी केली, तर कुंपण तितकेच रेखीव राहते आणि अडुळशाच्या पांढऱ्या फुलांवर भुंगे येतात ते वेगळेच. पुण्यासारख्या कोरड्या हवेत मागच्या ओळीला धायटीचे देशी झुडूप शोभते. उन्हाळ्याच्या तोंडाशी धायटीच्या लाल फुलांवर मध पिणारे शिंजीर पक्षी दिसतात. मात्र फुलपाखरांना केवळ मधाची फुले पुरत नाहीत. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरवलेले नीलवंत लिंबाच्या कुळातील झाडांवर अंडी घालते, त्यामुळे एखादे लिंबू अवश्य लावावे आणि त्याची अळ्यांनी कुरतडलेली पाने पाहून फवारणीचा पंप बाहेर काढू नये (घरच्यांना हे पटवणे सर्वांत अवघड!). घाणेरीवर फुलपाखरे येतात हे खरे, पण ती मूळची अमेरिकेतली आणि रानभर पसरणारी. तिची शिफारस मी करणार नाही. शिवाय सगळी जमीन फरशीने किंवा लॉनने झाकू नये, कारण एकट्याने राहणाऱ्या निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्या मातीतच बिळे करतात आणि वांगी-टोमॅटोची फुले थरथरवून परागण घडवतात.