शब्दचर्चा: पिस्तुलाचा 'स्टान्स' म्हणजे पवित्रा की ठाण?

मंडळी, एक अडचण घेऊन आलोय. माझी भाची वर्षभर १० मीटर एअर पिस्तूल खेळतीय, सोडायला-आणायला मीच असतो, त्यामुळं रेंजच्या बाकावर बसून बसून मलाच नाद लागलाय. तिथं येणारी निम्मी पोरं खेड्यातली. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ह्या नेमबाजांची नावं त्यांच्या घरात आधीपासनं माहितीची आणि २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसमधनं ब्राँझ आणल्यावर तर विचारूच नका. पण शब्द सगळे इंग्रजी. पोरं म्हणतात बरोबर, अर्थ मात्र अंधारात. म्हणून मी म्हटलं एक बोर्ड करू मराठीत, पिस्तुलाचं चित्र, बाण काढून नावं आणि खाली उभं कसं राहायचं ते. फ्लेक्सवाल्याकडं इंग्रजी कागद दिला, त्यानं मोबाईलवर भाषांतर मारलं आणि छापून आलं काय, तर स्टान्सला, म्हणजे उभं राहायच्या ढबीला, 'भूमिका' आणि बॅरलला 'पिंप'. पिस्तुलाचं पिंप! तो बोर्ड मी लावला नाही, गुंडाळून माळ्यावर टाकलाय.

आता पुन्हा करायचाय. बॅरलला नळी लिहू ना? स्टान्सला काय? मी 'पवित्रा' धरलाय पण मन भरत नाही. आणखी एक, मित्राचा मुलगा टेक्सासात असतो, त्यानं तिथल्या पोस्टरांचे फोटो पाठवलेत, 'प्रो-गन' पोस्टर म्हणतात त्यांना. ह्या 'प्रो-गन'ला मराठीत काय म्हणायचं तेही सुचवा.

⁂

नळीच लिहा, बिनधास्त. एकनळी, दुनळी बंदूक हे शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी होतेच की. कोल्हापुरात नळी म्हटलं की आधी मटणाची नळी आठवते हे खरं, पण त्यानं काय बिघडत नाही, पोकळ आणि लांब ती नळी. उलट इंग्रजीतला 'बॅरल' म्हणजे खरोखरच पिंप. जुन्या काळी मोठ्या तोफा लोखंडी पट्ट्या उभ्या शेजारी शेजारी लावून वरनं कड्या ठोकून करायचे, जसं दारूचं लाकडी पिंप करतात तसं, त्यावरनं ते नाव पडलं. म्हणजे भाषांतर करणाऱ्या मशीननं शब्दाचं मूळ बरोबर धरलं, फक्त मराठी माणूस बंदुकीला तसं म्हणत नाही. आपल्याकडं पाणी साठवायचं ते बॅरल आणि गोळी जाते ती नळी, असा सरळ फरक पडलाय, तो मोडू नका.

⁂

उद्यमनगरात लेथवर ३० वर्षं काढलीत म्हणून बोलतो. नळी ठीक आहे, पण त्याच्या आतलं रायफलिंग बोर्डावर दाखवणार असाल तर कृपा करून 'आटे' लिहू नका. लई ठिकाणी वाचलंय, 'नळीच्या आतले आटे'. आटे नट-बोल्टला असतात. आट्याचं काम पकडायचं, म्हणून ते जवळ जवळ पाडलेले असतात, एका फेऱ्याला मिलिमीटर दोन मिलिमीटर पुढं सरकतात. नळीतली खाच तशी नसते, ती लांबच लांब जाते, पॉइंट टू टूच्या, म्हणजे ०.२२ इंची नळीच्या रायफलीत साधारण १६ इंचात एक फेरा. काम पकडायचं नाही, जाता जाता गोळीला गरगर फिरवायचं, भोवरा फिरतो तोवर उभा राहतो तशी फिरणारी गोळी तोंड न बदलता सरळ जाते. ह्याला आपल्याकडं शब्द आहे, पीळ. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतो तोच पीळ. नळीला पीळ आहे, खाचा आहेत. आणि 'रायफल' हे नावच त्या खाचांवरनं आलंय, म्हणजे रायफल म्हणजे पिळाच्या नळीची बंदूक. एकदा एवढं पोरांना सांगा, विसरायची नाहीत.

⁂

काका, 'पीळ' एकदम पटलं, पक्कं केलं. एअर पिस्तुलाच्या नळीलाही पीळ असतो, परवाच भाचीच्या कोच सरांनी एक जुनी नळी उजेडाकडं धरून दाखवली, एका डोळ्यानं आत बघितलं की चकचकीत गोल कडं आणि त्यातनं सावलीच्या रेघा वळत वळत लांब गेलेल्या, खरंच सुंभ पिळल्यागत. आता स्टान्सचं सांगा कोणीतरी.

⁂

पवित्राच. ह्यात विचारायचं काय? कोल्हापूरसारख्या गावात मर्दानी खेळ बघत मोठं झालेल्या माणसाला पवित्रा समजावून सांगावा लागत नाही. तालमीतही तोच शब्द. पेपरात 'आक्रमक पवित्रा' रोज वाचतो ते सोडा, ते राजकारणाचं झालं. हत्यार हातात घेऊन पाय ठरवून उभं राहणं म्हणजे पवित्रा.

⁂

दादा, रागावू नका पण मर्दानी खेळात पवित्रा म्हणजे नुसतं उभं राहणं नव्हे. मी स्वतः पाच वर्षं लाठी-पट्टा शिकलीय. पवित्र्यात पाय चालतात, एक पुढं एक मागं, वळायचं, परत फिरायचं, समोरचा हलला की आपण हलायचं. वस्ताद 'पवित्रा घे' म्हणाले की अंग सुटायचं, थांबायचं नाही. पिस्तूलवाल्यांचं बरोबर उलटं दिसतंय मला, ते दगडागत उभे.

⁂

ताईंनी नेमकी दुखरी जागा पकडली. मला 'पवित्रा' का पटत नव्हता ते आत्ता कळलं. रेंजवर काय होतं ते सांगतो. एअर पिस्तूल एका हातानंच मारायचं असतं, दुसरा हात खिशात नाहीतर पट्ट्यात अडकवलेला, मनगटाला कसलाही आधार चालत नाही. उजव्या हाताचा असेल तर उजवी कूस टार्गेटकडं. मग भाची डोळे मिटते, हात उचलते, धरते आणि मग डोळे उघडते. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची पुढची साइट, काळ्या गोलाच्या डावीकडं गेलेली दिसली तर हात उजवीकडं ओढायचा नाही, हे सर ओरडून ओरडून सांगतात. हात खाली घ्यायचा आणि मागचा पाय दोन बोटं सरकवायचा. पुन्हा डोळे मिटायचे, पुन्हा उचलायचा. असं चार-पाच वेळा, हात आपोआप मधोमध येईपर्यंत. कारण हातानं ओढून आणलेला नेम दमला की परत जातो आणि दहाचा गोल केवढा, ११.५ मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढा, तेही १० मीटरवरनं. एकदा पाय बसले की मग ते उचलायचेच नाहीत. ह्या बसलेल्या पायांना शब्द पाहिजे.

⁂

मग 'ठाण' घ्या. संस्कृत शिकवते म्हणून सुचलं. स्थान वरनं ठाण. ठाण मांडून बसला, ठाण सोडत नाही असं आपण अजून म्हणतो आणि त्यात हलायचं नाही हेच मुख्य आहे. गंमत अशी की धनुर्धारी कसा उभा राहतो त्याला अमरकोशात हाच शब्द आहे, 'स्थानपंचक', म्हणजे उभं राहायच्या पाच तऱ्हा. आलीढ, प्रत्यालीढ, समपद, वैशाख, मंडल. आलीढात उजवा पाय पुढं, प्रत्यालीढात डावा, समपदात दोन्ही पाय सारखे. नेम धरणाऱ्या माणसाच्या पायांना आपल्या भाषेत आधीपासनं नाव आहे, तुम्ही नवीन काही घडवत नाही. मुलांना आलीढ-बिलीढ शिकवू नका, ठाण पुरे.

⁂

ठाण चांगलाय पण दोन हातांनी पिस्तूल धरणाऱ्यांचं काय? त्यांच्यात 'वीव्हर' आणि 'आयसोसेलीस' असे दोन प्रकार चालतात. वीव्हर हे जॅक वीव्हर ह्या अमेरिकन शेरीफ खात्यातल्या माणसाच्या नावावरनं, १९५० च्या दशकातलं. अंग थोडं तिरकं, पिस्तुलाचा हात पुढं ढकलतो आणि आधाराचा हात कोपरात वाकून मागं ओढतो. दुसऱ्यात छाती समोर, दोन्ही हात सरळ पुढं.

⁂

वीव्हर ठाण, माणसाचं नाव आहे ते तसंच ठेवायचं. दुसऱ्याला समद्विभुज ठाण, आठवीच्या भूमितीतलं. वरनं बघितलं तर दोन हात आणि छाती मिळून तो त्रिकोण होतोच, पोरांना चित्र काढून दाखवलं की झालं. तसंही त्यांच्या खेळात दोन हात चालत नाहीत, त्यामुळं बोर्डावर हे येणार नाही. रायफलीच्या थ्री पोझिशनला मात्र ठाण बसेल का शंका आहे, गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं, त्यात पालथं पडलेल्याचं ठाण कसं म्हणायचं? तिथं 'बैठक'ही चालत नाही. पोझिशनच राहू दे.

⁂

प्रो-गनचं राहिलं की. 'बंदूकप्रेमी' नका म्हणू, प्रेम वेगळं आणि हक्क मागणं वेगळं. अमेरिकेत ते हक्काचं भांडण आहे, १७९१ च्या घटनादुरुस्तीतला हत्यार बाळगण्याचा हक्क. म्हणून पोस्टर असेल तर 'शस्त्रहक्कवादी' पोस्टर. आपल्याकडं १९५९ च्या कायद्यानं परवाना लागतो, हक्काची भाषाच नाही, त्यामुळं इथल्या माणसाला तो शब्द लावू नका. इथला तो बंदुकीचा शौकीन, नाहीतर नादी. आणि खेळतो तो नेमबाज. शूटर म्हटलं तर पेपर वाचणारा दचकतो आणि शूटिंगला चाललो म्हटलं तर कोल्हापुरात लोक विचारतात पिक्चर कुठला.

⁂

शस्त्रहक्कवादी बरोबर वाटतंय. फोटोत एक पोस्टर आहे, पांढऱ्यावर काळी तोफ, वर एक चांदणी, खाली चार इंग्रजी शब्द ज्यांचा अर्थ 'या आणि घेऊन जा'. १८३५ सालचं टेक्सासातलं गोंझालेस गाव, मेक्सिकोच्या सरकारनं राखणीसाठी दिलेली छोटी तोफ परत मागितली, लोकांनी दिली नाही, त्या वेळचं हे निशाण. पण 'या आणि घेऊन जा' हे मराठीत पाहुण्याला डबा दिल्यागत वाटतं. त्यातलं आव्हान उतरलं पाहिजे. आमच्या बोलीत ते असं येईल, 'नेऊन दाव!' दोनच शब्द, आणि ऐकणारा दोन पावलं मागं सरकतो.

⁂

व्हय, 'नेऊन दाव' जबरदस्त! मित्राच्या मुलाला आत्ताच पाठवलं.

मग बोर्डावर नळी, पीळ, ठाण, ट्रिगरला चाप. 'घोडा' टाकत नाही, कोणी हॅमरला म्हणतं, कोणी ट्रिगरला, कोणी अख्ख्या पिस्तुलालाच. फोरसाइटला माशी. ह्या खेपेला कागद मी हातानं मराठीतच लिहून देणार. फक्त मागच्या साइटला शब्द अडलाय. कोणाच्या घरी जुनी ठासणीची बंदूक असेल, थोरली माणसं त्या भागाला काय म्हणायची तेवढं विचारून सांगा. 'खाच' सुचवू नका, ती काकांनी नळीत घातलीय.