घरकामगार, घरगडी की घरेलू कामगार?

खाडीपलीकडे (ऐरोली): कुवेतमधल्या कामगारांवरचा एक तक्ता मराठीत करतेय. चार रकाने आहेत: नागरिक पुरुष, नागरिक स्त्रिया, स्थलांतरित पुरुष, स्थलांतरित स्त्रिया. तिथले नागरिक, बायकासुद्धा, बहुतेक सरकारी नोकरीत. बांधकाम, दुकानं, हॉटेलं बाहेरून आलेल्या पुरुषांकडे, आणि बाहेरून आलेल्या बायका मुख्यतः घरकामात. अडलंय ते 'डोमेस्टिक वर्कर'पाशी. आधी 'मोलकरीण' लिहिलं होतं, पण तिथे घरचा ड्रायव्हर, आचारी, माळी हेही याच गटात मोजतात. म्हणून 'घरकामगार' केलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'घरेलू कामगार' केलंय. चूक कुणाची?

घोडबंदरी: त्यांची. 'घरेलू' मराठी नाहीच. आपल्याकडे 'घरगुती' असताना हिंदीची उसनवारी कशाला?

नाक्यावरचा (कळवा): दादा, 2008 चा कायदाच 'महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम' या नावाचा आहे. आमच्या वस्तीतल्या बायका 'घरेलूचं कार्ड काढलं का?' असंच विचारतात. त्यांना कोण सांगणार तुमचं मराठी चुकलं म्हणून?

घोडबंदरी: सरकारने छापलं की मराठी झालं का?

खाडीपलीकडे: पण 'घरगुती कामगार' म्हटलं की मला घरी बसून पापड लाटणारी बाई दिसते. घरगुती पापड, घरगुती गणपती, तसं.

जुनी पानं: मोल्सवर्थच्या कोशात 'मोलकरी' बघा. मोल घेऊन काम करणारा, म्हणजे मजूर. पुरुष. तो शब्द बोलण्यातून गेला आणि मोलकरीण तेवढी उरली, तीही शेताबांधावरून थेट मोरीत धुण्याभांड्यांपाशी आली. ड्रायव्हरला 'मोलकरी' म्हणा, व्याकरण तरी निर्दोष राहील.

सातारकर वाशीत: म्हणून तर बघा! दोन दिवसांत नोकरी सोडून येईल. 'घरगडी' का नको? आमच्याकडे गडी म्हणजे कामाचा दणकट माणूस.

खाडीपलीकडे: घरगड्याला स्त्रीलिंग द्या, लगेच लिहिते.

नाक्यावरचा: स्त्रीलिंगाचं आमच्या साइटवर बघा. मुकादमाच्या वहीत असतं: '2 मिस्त्री, 3 बिगारी, 2 बाया'. पुरुषाला हुद्दा आहे, बाईला नुसतं 'बाया'. वीस वर्षं घमेलं वाहिलेली बाई मिस्त्री झालेली मी पाहिली नाही. थापी हातात देतच नाहीत.

सातारकर वाशीत: आणि शब्दातच 'स्त्री' आहे. मि-स्त्री!

जुनी पानं: विनोद म्हणून ठीक, पण शब्द पोर्तुगीज आहे. 'मेस्त्रे', म्हणजे उस्ताद. पोरं सांभाळणारी 'आया' तिथलीच आणि 'पगार'ही तिथलाच. 1737 पर्यंत ठाणं त्यांच्याकडे होतं, म्हणजे खाडीकाठी हे शब्द काही नवे नाहीत.

घोडबंदरी: म्हणजे पोर्तुगीज चालतं, हिंदी नाही, असं ऐकवताय ना मला?

जुनी पानं: मी काही बोललो नाही.

कोळीवाड्यातली (ठाणे): '-ईण'वर कुणीच बोललं नाही. सुतारीण, पाटलीण, डॉक्टरीण म्हणजे त्यांच्या बायका. मोलकरीण मात्र मोलकऱ्याची बायको नव्हे, काम तिचं स्वतःचं. आणि कोळीण दोन्ही. बोट नवऱ्याची असेल, पण पाटी तिची, भाव तिचा, गिऱ्हाईकाशी भांडणही तिचंच. माझी आजी हिशेबाचा पैसा नवऱ्याच्या हाती लागू द्यायची नाही.

सेक्टर वीस (खारघर): आमच्या सोसायटीत वेगळंच आहे. घरकामाला येणारी मराठी बाई 'मावशी', बंगाल-झारखंडची असली की 'दीदी'. वॉचमन मराठी असेल तर 'काका', नाहीतर 'भैया'. गाव न विचारताच लोक वर्गवारी करून मोकळे होतात.

खाडीपलीकडे: हे माझ्या रकान्यांसारखंच झालं की! फक्त इथे मावशी आणि दीदी दोघी नागरिकच.

नाक्यावरचा: मग 'स्थलांतरित' तरी कोण? जनगणनेत लग्न करून दुसऱ्या गावी गेलेली बाईही स्थलांतरितच मोजतात. स्थलांतरित बायकांमध्ये तेच कारण सगळ्यात मोठं.

सातारकर वाशीत: म्हणजे माझी बायको स्थलांतरित?

कोळीवाड्यातली: तुम्ही पण. वाशी काय साताऱ्यात आहे?

खाडीपलीकडे: तक्ता उद्या सकाळी द्यायचाय हो. घरकामगार ठेवू की घरेलू?

घोडबंदरी: घरकामगार. पण तो मूळचा ड्रायव्हर वेगळा काढा, तो घरात काम करत नाही, गाडीत करतो.

जुनी पानं: वर 'घमेलं' आलं त्यावरून आठवलं, तेही पोर्तुगीजच. 'गामेला'.

सातारकर वाशीत: खोटं. आमच्या गावी पोर्तुगीज कधी आलेच नाहीत आणि घमेली घरोघरी आहेत.