अ‍ॅलर्जी टेस्टची तारीख अडीच महिन्यांनंतरची, तोवर काय करावं?

ऐरोली_सेक्टर८
मुलगा साडेतीन वर्षांचा. शेंगदाण्याची चिक्की खाल्ल्यावर पंधरा मिनिटांत तोंडाभोवती आणि पोटावर पित्ताच्या गांधी उठल्या. सरकारी रुग्णालयात त्वचेवरच्या टेस्टला अडीच महिन्यांनंतरची तारीख मिळालीय. रोज रात्री माँटेलुकास्ट-लेव्होसेटिरिझिनचं सिरप चालू आहे. तारीख अलीकडे येईल का, की बाहेर रक्त तपासून घेऊ?

प्रिक_वाला
आधी त्या सिरपचं बघा. माँटेलुकास्टने टेस्ट बिघडत नाही, लेव्होसेटिरिझिनने बिघडते. टेस्टच्या आधी सात दिवस ते बंद हवं, अर्थात डॉक्टरांना विचारून. सर्दीच्या सिरपांतही बहुतेकदा क्लोरफेनिरामिन हे तसंच टेस्ट बिघडवणारं औषध असतं, बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा.

कारण असं. हातावर पेनाने खुणा करून तपासायच्या पदार्थांचे थेंब टाकतात आणि लॅन्सेटने (छोट्या टोकदार सुईने) हलकेच टोचतात. तुलनेसाठी एक थेंब हिस्टामिनचा (अ‍ॅलर्जीत गांधी उठवणारं रसायन), एक सलाइनचा (मिठाचं पाणी). हिस्टामिनची गांध उठलीच पाहिजे. नाही उठली तर औषध अजून अंगात आहे, बाकीच्या थेंबांना अर्थ उरत नाही आणि पुन्हा नवीन तारीख. १५-२० मिनिटांनी मोजतात. सलाइनपेक्षा ३ मिमी किंवा जास्त मोठी गांध म्हणजे पॉझिटिव्ह. केसपेपरवर नुसतं '++' नको, मिमीमध्ये आकडा लिहून मागा. पुढे दुसऱ्या रुग्णालयात गेलात तर तोच उपयोगी पडतो.

त्या दिवशी छातीत घरघर असेल तरी टेस्ट पुढे ढकलतात. आणि औषध बंद असताना गांधी उठल्या तर औषध द्याच. तारखेसाठी पोराला खाजवत ठेवायचं नाही.

लॅब_नेरूळ
रक्ताच्या टेस्टला सिरप आड येत नाही, हा तिचा मोठा फायदा. पण मागायची ती फक्त शेंगदाण्याची स्पेसिफिक आयजीई, म्हणजे शेंगदाण्याविरुद्धची अ‍ॅलर्जीची अँटिबॉडी. टोटल आयजीई जंतांनीही वाढते, त्यावरून शेंगदाण्याचं काही कळत नाही. पन्नास-साठ पदार्थांचं पॅनेल तर नकोच: पोर रोज मजेत खातं त्या दूध-गव्हापुढेही ०.३५ च्या (पॉझिटिव्ह धरायच्या रेषेच्या) वर आकडे येतात आणि घरचे सगळंच बंद करतात. आयजीजी या वेगळ्या अँटिबॉडीवरची 'फूड इनटॉलरन्स' टेस्ट म्हणजे पैसे पाण्यात.

ओपीडी_खिडकी
तारीख अलीकडे आणायची तर ओपीडीतल्या बालरोग डॉक्टरांकडून चिठ्ठीवर 'खाल्ल्यावर १५ मिनिटांत गांधी' असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं 'अ‍ॅलर्जी' लिहिलं की नाक गळणाऱ्यांच्याच रांगेत जाता. कोणी आलं नाही तर रिकाम्या जागेवर घेता का, हेही टेस्टच्या खोलीत विचारा. खिडकीवर ते माहीत नसतं. गांधींचे फोटो वेळेसकट आणि चिक्कीचं पाकीट सोबत न्या. खर्चाचं म्हणाल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. पालिकेची रुग्णालयं त्यात नाहीत, तिथे पालिकेचे दर.

ऐरोली_सेक्टर८
तोवर घरी थोडासा दाणा देऊन बघितला तर?

प्रिक_वाला
अजिबात नको. दाण्याचं कूट घातलेली खिचडी, कोशिंबीर, चटणीसुद्धा बंद. पाळणाघरात लिहून द्या. गांधींसोबत उलट्या, खोकला, आवाज बसणं किंवा सुस्ती दिसली तर सिरपची वाट बघू नका, १०८ लावा. तिथे लागतं ते मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन.