मदत हवी आहे: तुकडे पाडण्यापूर्वी एपिकचा अंदाज कसा बांधावा?

आमचा चमू स्क्रम पद्धतीने, म्हणजे ठरावीक कालावधीच्या छोट्या टप्प्यांत (स्प्रिंटमध्ये) काम करतो. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमधील लहान स्टोरींचे (कामाच्या छोट्या घटकांचे) अंदाज बऱ्यापैकी जुळतात. अडचण येते ती तिमाही नियोजनात, जेव्हा एपिकची, म्हणजे अनेक स्टोरींत विभागायच्या मोठ्या कामाची, फोड होण्याआधीच त्याचा आकार सांगावा लागतो.

प्लॅनिंग पोकरच्या, म्हणजे चमूने मिळून कामाचा अंदाज बांधण्याच्या, पत्त्यांत १३ नंतर २०, ४० आणि १०० असे मोठे टप्पे असतात, कारण काम जितके मोठे तितकी अनिश्चितता वाढते. परंतु एखाद्या एपिकला ४० गुण (कामाच्या आकाराचे सापेक्ष माप) दिले की व्यवस्थापन तो आकडा चमूच्या सरासरी वेगाने (एका स्प्रिंटमध्ये पूर्ण होणाऱ्या गुणांनी) भागून थेट तारीख काढते आणि मूळचा ढोबळपणा तिथेच हरवतो, ही माझी खरी चिंता आहे. म्हणून एस, एम, एल, एक्सएल असे टी-शर्ट आकार वापरावेत आणि पूर्ण झालेल्या जुन्या एपिकशी तुलना करून गुणांची किमान-कमाल मर्यादा सांगावी, असे मला वाटते.

फोड झाल्यावर स्टोरींची बेरीज मूळ अंदाजापेक्षा वेगळी आली, तर एपिकचा जुना आकडा बदलावा की पुढील तुलनेसाठी तसाच जपावा? दोन्ही आकडे एकाच अहवालात मोजले गेले तर काम दुप्पट दिसते, हेही टाळायचे आहे. शिवाय, अगदीच अनोळखी एपिकसाठी आधी ठरावीक वेळेचा स्पाइक (अनिश्चितता कमी करण्यासाठीचे छोटे शोधकाम) घेणे योग्य ठरेल का? ज्यांनी हे प्रत्यक्ष राबवले आहे, त्यांनी कृपया आपली पद्धत कारणांसह सविस्तर सांगावी.